यवतेश्वरचा घाट की समुपदेशकाची खोली?

साताऱ्यात कुणाचं डोकं तापलेलं दिसलं की पहिला सल्ला ठरलेला असतो. "गाडी काढ आणि कासला एक चक्कर मारून ये." दुसरा सल्ला अलीकडे ऐकू यायला लागलाय, तोही जरा आवाज खाली घेऊन: "कुणाला तरी दाखवून ये ना." नोकरीधंद्यातले, चाळिशीच्या आसपासचे बरेच जण या दोन सल्ल्यांच्या मध्ये थांबलेले मला दिसतात. मी दोन्ही केलंय. मोटरसायकल पहिल्यापासून, समुपदेशन त्या मानाने अलीकडचं. कुणी विचारलं तर मी जे सांगतो, तेच इथे सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. मी ताणाबद्दल बोलतोय. कामाचा बोजा, घरातली धुसफूस, उडालेली झोप, विनाकारण होणारी चिडचिड. ज्याला दिवसेंदिवस अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, जेवण सुटलंय, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतंय, त्याच्यासाठी ही तुलनाच नाही. त्याने आणि त्याच्या घरच्यांनी थेट मनोविकारतज्ज्ञ गाठावा. रात्री-अपरात्री कुणी भेटत नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर लावावा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा मोफत आणि चोवीस तास आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

माझं काम पतसंस्थेतलं. शाखा सांभाळतो. ज्यांनी हे काम केलंय त्यांना मार्चअखेर काय असतं ते सांगायला नको. थकबाकीची यादी, संचालकांचे फोन, वसुलीच्या आकड्यांसाठी केलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की कर्जदार गायब होतो आणि जामीनदार घरी येऊन बसतो. काउंटरवर म्हातारे ठेवीदार विचारतात, "साहेब, आमचे पैसे नीट आहेत न्हवं?" त्यांना हसून उत्तर द्यायचं असतं, आणि ते हसू दिवसभर टिकवायचं असतं. या सगळ्याचा परिणाम माझ्यावर दोन जागी दिसायचा. पहाटे तीनला जाग यायची, आणि उठलो की जबडा दुखायचा, कारण झोपेत दात आवळलेले असायचे. हे इतकं सांगायचं कारण, पुढे निवाडा करताना मी हेच दोन काटे बघणार आहे. दुसरं मोजमाप माझ्याकडे नाही.

आता गाडी. माझी दीडशे सीसीची साधी मोटरसायकल आहे. या कामासाठी बुलेट असो की स्प्लेंडर, काही फरक पडत नाही. फरक रस्त्याने पडतो.

साताऱ्यातलं समर्थ मंदिर मागे टाकून कासच्या रस्त्यावरचा यवतेश्वरचा घाट लागला की पहिली दोन वळणं डोकं अजून शाखेतच असतं. तिसऱ्या-चौथ्या वळणापासून रस्ता तुमचा ताबा घेतो. गिअर तिसरा की दुसरा, वळणाच्या आतल्या अंगाला पावसाने वाहून आणलेली खडी आहे का, वरून येणारा टेम्पो डिपर देतोय का, कडेची म्हैस रस्त्यावर येईल की तिथेच उभी राहील. नजर वळणाच्या शेवटावर ठेवावी लागते, कारण नजर जिथे तिथे गाडी. हे सगळं एकाच वेळी करताना थकबाकीदाराला डोक्यात जागाच उरत नाही. गाडीने मन शांत होतं असं आपण म्हणतो, पण माझा अनुभव असा की मन आधी पूर्ण भरून जातं, आणि वर पोचल्यावर एकदम रिकामं होतं. यवतेश्वरच्या वर एका बाजूला कण्हेर धरणाचं पाणी दिसतं, मागे अजिंक्यतारा आणि त्याच्या पायथ्याचं गाव. तिथे हेल्मेट काढलं की मानेवरचा घाम वाऱ्याला लागतो, आणि दुपारपासून आपण खांदे कानाला लावून बसलो होतो हे तेव्हा कळतं. कारण ते तेव्हाच खाली येतात.

याला थोडा शास्त्राचा आधारही आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी पन्नासेक अनुभवी चालकांना त्यांच्याच मोटरसायकलींवर वीसएक मिनिटं फिरवलं. ताणाशी जोडलेल्या संप्रेरकांचं मोजमाप २८ टक्क्यांनी खाली आलं, तर हृदयाचे ठोके ११ टक्क्यांनी आणि अ‍ॅड्रेनलिन २७ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे शरीर सावध होतं आणि ताण उतरतो, दोन्ही एकदम. या अभ्यासाला पैसा हार्ले-डेव्हिडसन कंपनीने दिला होता, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. पण घाटात मला जे जाणवतं त्याच्याशी ते जुळतं, एवढं मी नक्की म्हणेन.

सगळे रस्ते सारखे नाहीत. बोगद्यातून सज्जनगडाकडे जाणारा रस्ता संध्याकाळी फार बरा. गड चढायची ताकद नसेल तर पायथ्याला चहा घेऊन परतावं. ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांमध्ये वारा इतका असतो की गाडी आडवी ढकलली जाते. अंगात राग असेल तेव्हा हा रस्ता चांगला, थकवा असेल तेव्हा टाळावा. वाईहून पसरणी घाट सुंदर आहे, पण रविवारी पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्यांची रांग लागते आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून दाबून पंजा भरून येतो. हायवेने खंबाटकीकडे जाणं याला मी विसाव्यात धरत नाही. कास पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून फुलांच्या हंगामात, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, शनिवार-रविवार तिकडे फिरकू नये. मंगळवारी पहाटे जावं.

आता दुसरी बाजू.

समुपदेशकाकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं, आपण बोलणार आणि ते सल्ला देणार. तसं काही होत नाही. पहिली बैठक जवळजवळ सगळी माहिती घेण्यातच जाते: झोप किती, जेवण कसं, घरात कोण कोण, व्यसन आहे का, थायरॉइड किंवा साखर तपासली आहे का. हे शेवटचं मला आवडलं. कारण झोप उडण्याचं मूळ कधीकधी रक्तात असतं, आणि ते आधी तपासून बाजूला करणं हे कामाचं लक्षण आहे. पाऊण तास ते तास बसायचं. आमच्या मॅडम बोलायच्या कमी आणि लिहून घ्यायच्या जास्त.

बरेच जण म्हणतात, बोलायला मित्र आहेत की, पैसे देऊन कशाला बोलायचं. माझेही मित्र आहेत, जिवाला जीव देणारे. पण मित्राला तुमचा त्रास बघवत नाही, म्हणून तो लवकर संपवायला बघतो. "सोड रे, एवढं काय त्यात" असं म्हणतो आणि चहा मागवतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. समुपदेशक मात्र तुमचा त्रास तुमच्यासमोर ठेवून शांतपणे बसू शकतो. आणि महिन्यापूर्वी तुम्ही काय बोलला होता ते त्याच्या वहीत असतं. मी एकदा म्हणालो, "संचालक मंडळ माझ्या मागेच लागलंय." मॅडमनी वही उलटून विचारलं, "मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होता, त्यांनी तुमच्या शाखेचं कौतुक केलं. ते कधी संपलं?" असं मित्र विचारत नाही. घाट तर विचारतच नाही.

पद्धतीबद्दल थोडं सांगतो, कारण आत काय चालतं याची लोकांना उगाच भीती असते. माझ्या बाबतीत जी पद्धत वापरली ती विचारांवर काम करणारी. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि अ‍ॅरन बेक यांनी त्यानंतरच्या दशकात या वाटेने जायला सुरुवात केली, आणि एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. मूळ म्हणणं साधं आहे. घटना आणि भावना यांच्या मध्ये एक विचार असतो. तो इतक्या झटक्यात येऊन जातो की आपल्याला वाटतं, घटनेनेच आपल्याला त्रास दिला. तो मधला विचार पकडायचा, लिहायचा, तपासायचा. घरी अभ्यास मिळतो. न केला तर पुढची बैठक अर्धी वाया जाते.

खर्चाचं लवकर आटपतो. कासला जाऊन यायला पन्नासेक किलोमीटर होतात, लिटरभर पेट्रोल. समुपदेशकाची एका बैठकीची फी तेवढ्यात चार-पाच वेळा तरी कासला जाता येईल इतकी असते, आणि मोठ्या शहरात याहून बरीच जास्त. आणि अशा बैठका एकदोन होऊन भागत नाही, काही महिने जातात. परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरावं असं आहे, पण दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. आपली पॉलिसी आधी वाचावी. पैशाच्या बाबतीत गाडी पुढे आहे, यात वाद नाही.

जोखमीच्या बाबतीत मात्र गाडी मागे आहे, आणि हे आपण दुचाकीवाले सहसा बोलत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची होती. रागात, झोप न झालेल्या अवस्थेत, डोक्यात भांडण चालू असताना गाडी काढणारा माणूस चांगला चालक नसतो. भांडून निघालो की मला ब्रेक उशिरा लागतो, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणजे ज्या संध्याकाळी गाडीची सगळ्यात जास्त गरज वाटते, तीच संध्याकाळ गाडीसाठी सगळ्यात वाईट. माझा नियम असा आहे की डोकं फिरलेलं असताना घाटाकडे वळायचं नाही. आधी गावातून राजवाड्यापर्यंत सावकाश जायचं, एका जागी थांबायचं, पाणी प्यायचं, मग वाटलं तर पुढे. पावसाळ्यात यवतेश्वरच्या वर धुकं उतरलं की तिथूनच मागे फिरायचं.

समुपदेशनाची अडचण वेगळी. आपलं गाव लहान आहे. इथे माणसाच्या आधी त्याची गाडी ओळखली जाते. पाटीवर मानसोपचार असं लिहिलेल्या इमारतीखाली माझी गाडी लावली, तर संध्याकाळपर्यंत दोन ठेवीदार आणि एक सोयरा विचारणार, "साहेब, घरी कुणाला काय झालं का?" मी ज्या धंद्यात आहे तिथे हे नुसतं लाजण्याचं काम नाही. शाखाधिकाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही अशी कुजबुज झाली तर ठेवी हलू शकतात. त्यामुळे मी सुरुवातीला गाडी दोन चौक अलीकडे लावून चालत जायचो. नंतर काही बैठका मोबाईलवरून घेतल्या, पण घरात भिंतीपलीकडे मुलगा अभ्यासाला बसलेला असताना मोकळं बोलता येत नाही. शेवटी शनिवारी सकाळची वेळ मागून घेतली. त्या वेळेला खालची दुकानं उघडलेली नसतात. ज्यांना हेही जमणार नाही त्यांनी कऱ्हाडला किंवा पुण्याला जावं. लोक गुडघ्यासाठी पुण्याला जातात, यासाठी जायलाही हरकत नाही. ही अडचण खरी आहे, ती उडवून लावण्यात अर्थ नाही, पण तिच्यावर उपाय निघतो.

गाडीच्या ज्या एका गोष्टीवर मला उपाय सापडला नाही, तीच मला या निर्णयाकडे घेऊन आली. ती आहे रेंज.

कासचा तलाव मागे पडून बामणोलीकडे रस्ता उतरायला लागला की माझ्या फोनची रेंज जाते. कधी कासच्या अलीकडेच जाते. मी तिकडे जायचो त्याचं निम्मं कारण खरं तर हेच होतं. बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठाला गाडी लावायची, लाँचांकडे बघत बसायचं, खिशातला फोन मुका. तिथे मी खरोखर बरा असायचो. पोटात दुखत नसायचं, भूक लागायची, तिथली भाकरी गोड लागायची. परतीलाही कासपर्यंत मस्त असायचं.

आणि मग यवतेश्वर उतरताना, साताऱ्याचे दिवे दिसायला लागले की पँटच्या डाव्या खिशात थरथर सुरू व्हायची. एक, दोन, मग सलग. दोन-तीन तासांचे सगळे मेसेज एकदम येतात. हात क्लचवर, समोर उताराचं वळण, आणि मांडीला लागून तो फोन थरथरतोय. वाचता येत नाही, थांबवता येत नाही. पोटात गोळा तिथल्या तिथे यायचा. खांदे परत कानाला. उरलेली वळणं मी कशी उतरायचो मला कळायचं नाही. गाडी समर्थ मंदिरापाशी यायची तेव्हा मी गेलो होतो त्याहून जास्त ताणात असायचो, कारण आता तीन तासांची थकबाकीही त्यात मिळालेली असायची.

यावर लोक सोपे उपाय सांगतात. फोन घरी ठेव. ठेवून पाहिला. मग बामणोलीला बसून, आत्ता घरी फोन वाजत असेल, बायकोने उचलला असेल, ती काय बोलली असेल, हे चालू व्हायचं. फोन बंद कर. केला. मग तो चालू करण्याची वेळ घाटात येण्याऐवजी दारात यायची, इतकाच फरक. सायलेंट ठेवला तरी आत काहीतरी आलेलं असणार हे माहीत असतंच. बायकोने माझ्या आधी हे ओळखलं. एकदा जेवताना म्हणाली, "अहो, तुम्ही फिरून आलात की त्या दारापर्यंतच बरे असता. आत आलात की परत तेच." आमच्या घरात दार म्हणजे फोन चार्जिंगला लावायची जागा.

पतसंस्थेच्या भाषेत सांगायचं तर गाडी दर आठवड्याला व्याज भरत होती आणि मुद्दल जिथल्या तिथे होतं. व्याज भरण्यालाही किंमत असते, त्याशिवाय खातं बुडतं. पण मुद्दल कमी व्हायला हवं होतं.

ही रेंजची गोष्ट मी मॅडमना सांगितली, जरा संकोचानेच, कारण वाटलं की ही काय सांगायची गोष्ट. त्यांनी मात्र ती पूर्ण बैठकभर धरून ठेवली. त्यांनी विचारलं, "फोन थरथरतो तेव्हा तुम्हाला माहीत असतं का, कुणाचा मेसेज आहे?" मी म्हणालो, नाही. "मग घाबरता कशाला?" मी म्हणालो, संचालकांचा असणार. "आणि त्यात काय लिहिलेलं असणार?" माझ्याकडे उत्तर तयार होतं, शब्द न् शब्द. वसुलीचं काय झालं, सभेत सगळ्यांसमोर सांगा. त्या म्हणाल्या, "म्हणजे मेसेज तुम्ही खिशातच वाचला."

पुढचे काही आठवडे माझा अभ्यास तेवढाच होता. शाळेची दुरेघी वही, पानाला चार उभे रकाने. पहिल्यात काय झालं, दुसऱ्यात त्या क्षणी मनात काय आलं, तिसऱ्यात भीती शंभरपैकी किती, चौथ्यात प्रत्यक्षात मेसेज काय निघाला. हे मेसेज वाचायच्या आधी लिहायचं, चौथा रकाना वाचल्यावर. एका पानावरचं सांगतो. मनात आलेलं: "उपाध्यक्षांनी तक्रार केली असणार." भीती: ८०. प्रत्यक्षात: भाच्याच्या लग्नाची पत्रिका. दुसरं: "तो जामीनदार वकिलाची नोटीस पाठवणार." भीती: ७०. प्रत्यक्षात: गॅस बुकिंगचा मेसेज. तिसरं मात्र खरंच वसुलीबद्दल होतं, आणि तिखट होतं. मॅडमनी तेही सोडलं नाही. "हा खरा निघाला. मग पुढे काय झालं?" मी आठवून सांगितलं: दुसऱ्या दिवशी आकडे दिले, ते म्हणाले ठीक आहे. "म्हणजे सगळ्यात वाईट मेसेज आला, आणि तुम्ही तो निभावला." मला हे कुणीतरी वहीत लिहून दाखवायला हवं होतं. इतक्या वर्षांत मी ते निभावतच आलो होतो, पण मला त्याची नोंद नव्हती.

भीतीचा तिसरा रकाना हळूहळू खाली आला. एकदम नाही. मधे मार्च येऊन गेला तेव्हा परत वर चढला, आणि दोन आठवडे मला वाटलं की काही उपयोग नाही. पण जाग येण्याची वेळ तीनवरून साडेचार झाली, मग कधीकधी सरळ सहा. जबड्याचं दुखणं गेलं. यातलं किती समुपदेशनाने झालं आणि किती मार्च संपल्याने, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण पुढचा मार्च आला तेव्हाही झोप तितकी उडाली नाही, म्हणून मी माझ्यापुरता निष्कर्ष काढलाय.

तेव्हा, एकच करायला पैसे आणि वेळ असेल तर मी समुपदेशकाकडे जा म्हणेन. हे मी गाडीवर जीव असणारा माणूस म्हणून म्हणतोय.

यात माझा कल माझ्या ताणाच्या प्रकारामुळे आहे, हे कबूल. ज्याचा ताण एखाद्या प्रसंगापुरता आहे, परीक्षा, घरातलं लग्न, बदली, त्याला गाडी पुरेल. ज्याच्या घरात नुकतं कुणी गेलंय आणि ज्याला बोलायचंच नाही, त्याच्यावरही खोलीत बसून बोलण्याची सक्ती करू नये. माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, वडील गेल्यावर ते रोज संध्याकाळी सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे. काही महिन्यांनी आपोआप बोलते झाले. त्यांना त्या वेळी कुणी चार रकाने आखायला दिले असते तर त्यांनी वही फेकून दिली असती. आणि ज्याला गाडीचा नाद नाही, त्याने कुणी सांगितलं म्हणून घाटात जाऊन धडपडू नये. पण ज्याचा त्रास तोच तो आहे, दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच माणसाच्या नावाने पोटात येतो, त्याने घाट कितीही चढला तरी तो त्रास खाली त्याची वाट बघत असतो. अशा माणसाला मी गाडीची किल्ली न देता समुपदेशकाचा नंबर देतो.

जायचं ठरलं तर काही गोष्टी आधी बघाव्यात. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसच्या पुढे शिकलेला डॉक्टर असतो, औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नये. समुपदेशक ही पाटी मात्र कमी शिकलेलेही लावतात, म्हणून शिक्षण काय आणि कुणाच्या देखरेखीखाली काम केलंय हे पहिल्याच फोनवर विचारावं. चांगला माणूस याचा राग धरत नाही. साधारण किती बैठका लागतील, आणि फरक पडतोय की नाही हे आपण कसं बघणार, हेही विचारावं. मला पहिल्या ठिकाणी जमलं नव्हतं. तिथे माझ्यापेक्षा समोरचेच जास्त बोलायचे, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातलं उदाहरण यायचं. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत आपलं म्हणणं ऐकलं जातंय असं वाटलं नाही तर बदलावं, दुसरीकडे जावं, पण जाणं सोडू नये. घरात दारूचा प्रश्न असेल तर साताऱ्यातच व्यसनमुक्तीचं काम करणारी परिवर्तन संस्था आहे, तिथे विचारपूस करता येते.

गाडी मी सोडलेली नाही. शनिवारची बैठक आता महिन्याने असते. ती संपली की मी घरी न जाता थेट यवतेश्वरला जातो, कारण त्या तासाभरात जे बोललो ते मुरायला वेळ लागतो आणि लगेच घरच्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात. बैठक आधी, घाट नंतर, हा क्रम ज्यांना दोन्ही जमेल त्यांनी करून बघावा. उलटा क्रम मी करून पाहिलाय. घाट उतरून आलेला माणूस इतका बरा असतो की मॅडमना सांगण्यासारखं त्याला काही आठवतच नाही, आणि फी तेवढीच पडते.